फोर्क ब्रेस बसवण्याआधी पुढचे चाक सरळ करून घ्या

फोर्क ब्रेस ही मोटारसायकलच्या साध्या टेलिस्कोपिक फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या जोडीच्या) दोन्ही खालच्या नळ्यांना जोडणारी पट्टी असून वळणावर किंवा जोरात ब्रेक लावताना त्या नळ्या एकमेकींच्या मागेपुढे सरकू नयेत, एवढेच तिचे काम असते. वाकलेला फोर्क ती सरळ करीत नाही. म्हणून आधी चाकाची जुळणी करावी.

मडगार्डचे बोल्ट आणि एक्सलचा पिंच बोल्ट (नळीच्या टोकाशी चाकाचा आस घट्ट पकडणारा बोल्ट) सैल करून एक्सलचा नट मॅन्युअलमधील टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळावा. मग गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून, हँडल चार-पाच वेळा जोरात खाली दाबावे, म्हणजे पिंच बोल्टच्या बाजूची नळी एक्सलवर सरकून आपली नैसर्गिक जागा घेते. त्यानंतरच पिंच बोल्ट आवळावा. घाईत ही पायरी गाळणारे बरेच असतात आणि मग कडक चालणाऱ्या फोर्कचा दोष तेलाला देतात.

आता ब्रेस ठेवून पाहावी. तिचे बोल्ट बोटांनी सहज फिरले पाहिजेत. फट राहत असेल तर तेवढ्या जाडीचे वॉशर घालावेत. पान्याच्या जोरावर ती फट मिटवल्यास नळ्या आत ओढल्या जातात व बुश (नळ्यांमधले अस्तर), सील (तेल अडवणारे रबर) लवकर झिजतात. बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. फोर्क पूर्ण दबल्यावर ब्रेस खालच्या टीला (फोर्कच्या वरच्या नळ्या धरणाऱ्या आडव्या तुकड्याला) आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ब्रेकची नळी ब्रेसला घासत नाही, याची खात्री करूनच गाडी रस्त्यावर काढावी.