जळक्या काड्या, सायकलची नळी आणि भूमिती

मुलांसाठी चांगली वेबसाइट कोणती, असं पालक विचारतात तेव्हा माझी कसोटी एकच असते: पाहून झाल्यावर मूल उठून घरातले डबे-बाटल्या धुंडाळायला लागतं का? ‘अरविंद गुप्ता टॉईज’ या कसोटीला पुरेपूर उतरते. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता आधी पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होते. १९७८मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेल्यावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा त्यांना ध्यास लागला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, त्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संकेतस्थळावर सगळं मोफत आहे. खेळण्यांची कृती फोटोंतून टप्प्याटप्प्याने दिली आहे, मराठी पुस्तकंही आहेत.

मुलाच्या हातात नुसता फोन देऊ नका. तिथे इतकी खेळणी आहेत की मूल एकापुढे एक पाहतच बसेल. आदल्या रात्री तुम्ही एकच खेळणं निवडा, सामान गोळा करा आणि सकाळी ते फोटो मुलासोबत बघा. मग स्क्रीन बंद. सुरुवातीला मी काडेपेटीच्या काड्यांची भूमिती सुचवेन.

सामान: देवापाशी आणि गॅसपाशी उरलेल्या जळक्या काड्या काही दिवस एका डब्यात साठवा. काड्या लाकडीच हव्यात, मेणाच्या वाकतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानात ‘व्हॉल्व्ह ट्यूब’ मागा. व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, हातभर पुष्कळ झाली. कात्री, पट्टी आणि एक जाड सुई. गावाकडे असाल तर बाभळीचा काटा सुईपेक्षा बरा.

जळकं टोक कापून सगळ्या काड्या बरोबर ३ सेंटिमीटरच्या करा. इथे घाई नको, लांबी कमी-जास्त झाली की आकार तिरपे होतात. नळीचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी सरकवा. हा झाला दोघांचा सांधा, हवा तसा वाकणारा. काडी आत जात नसेल तर टोक जरा तासून घ्या. ब्लेडचं काम मोठ्या माणसाने करावं.

आता तीन काड्या आणि तीन तुकडे घेऊन त्रिकोण करा. मग चारचा चौकोन, पाचचा पंचकोन. मुलाला प्रत्येक आकार दाबून बघू द्या. चौकोन लगेच कलतो आणि समभुज चौकोन होतो. पंचकोन आत दुमडून होडीसारखा करता येतो. त्रिकोण मात्र कितीही दाबा, त्रिकोणच राहतो. इथे थांबा, काही सांगू नका. मुलाला ‘असं का?’ विचारायला वेळ लागतो, तो द्या. तिन्ही बाजूंची लांबी ठरली की कोन बदलायला जागाच उरत नाही, हे त्याला बोटांनी आधी कळतं, शब्दांनी नंतर. मग बाहेर जाऊन पत्र्याच्या शेडची कैची (छपराखालचा सांगाडा), रेल्वेचा लोखंडी पूल, विजेच्या लाइनचा मनोरा दाखवा आणि त्रिकोण मोजायला सांगा.

पुढचा टप्पा तिघांच्या सांध्याचा. दोघांच्या सांध्याच्या मधोमध सुईने नळीला आरपार नव्हे, एकाच बाजूने भोक पाडा आणि तासून टोकदार केलेली तिसरी काडी त्यात खोचा. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत अशा काड्या उभ्या करून वर एकाच सांध्यात जोडल्या की चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांचा आकार) तयार: ६ काड्या, ४ तुकडे. जमिनीवर टाकला तरी आकार सोडत नाही. दोन चौकोन चार काड्यांनी जोडले की घन होतो, १२ काड्या आणि ८ तुकड्यांचा. तो बिचारा डुगडुगतो. त्याला ताठ कसं करायचं, हा प्रश्न मुलासाठी राखून ठेवा. प्रत्येक बाजूत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब काडी दोऱ्याने बांधली की जमतं. सहा बाजूंना सहा.

लहान भावंडांना एवढा धीर नसतो. त्यांच्यासाठी जुनी सीडी घ्या. बाटलीच्या झाकणाला मधोमध छोटं भोक पाडा आणि झाकण सीडीच्या भोकावर, उघडी बाजू खाली ठेवून, कडेने नीट चिकटवा. हवा फक्त भोकातूनच जायला हवी. चिकटलेलं पक्कं वाळू द्या. फुगा फुगवून पिळा, तोंड झाकणावर चढवा आणि पीळ सोडा. सीडी हवेच्या पातळ थरावर तरंगत सरकते. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर ती अडखळेल, गुळगुळीत टाइल किंवा टेबल घ्या. सरकत नसेल तर बहुधा भोक मोठं झालंय आणि हवा भसकन निघून जातेय; दुसरं झाकण घेऊन बारीक भोकाने पुन्हा करा.