लोहाच्या गोळ्या वाटल्या, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही? या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना २०१५-१६ मध्ये रक्तक्षय होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' हे रक्तक्षय कमी करण्याचं सरकारी अभियान सुरू झालं होतं. तुमच्या तालुक्यातही वाटपाचे आकडे चढते आणि अंगात रक्त मात्र कमीच, असं असेल तर या जागा तपासा.

सर्वांत महागात पडते ती वाटपालाच यश मानण्याची चूक. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० लोहाच्या गोळ्या द्यायच्या असतात. दिल्या की रकाना भरतो. घरी मात्र मळमळ होते, संडासला काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल अशी धास्ती असते, आणि गोळ्या डब्यात राहतात. 'गोळ्या घेता ना?' असं विचारलं की 'हो' हेच उत्तर येणार. आशाताईंनी उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, पण उरल्या म्हणून रागावू नये. एकदा रागावलं की पुढच्या खेपेला रिकामंच पाकीट दाखवलं जाईल. काळ्या संडासची भीती नको, गोळी चहाबरोबर नको, मळमळत असेल तर रात्री जेवून घ्यावी, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मोजमापातली गफलत तितकीच घातक आहे. सुरुवातीला साहली पद्धतीनं रक्ताचा रंग डोळ्यांनी जुळवला आणि शेवटी डिजिटल मीटर वापरला, तर फरक रक्तातला की यंत्रातला, हे कळणारच नाही. फक्त सर्वांत कमी रक्त असलेल्यांनाच पुन्हा तपासलं, तर काहींचा आकडा गोळीविनाही वर येतो, कारण पहिल्या वेळी तो योगायोगानं खाली आलेला असतो. म्हणून तुलनेची गावं लागतात, म्हणजे जिथं हा उपक्रम राबवलेला नाही अशी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा ४७ गावं तुलनेला ठेवली होती. त्यामुळेच मृत्यू कशानं घटले, हे ठामपणे सांगता आलं.

बीडमध्ये जानेवारीत पाहणी ठेवू नका. ऊसतोडीला गेलेल्या बायका तेव्हा फडावर असतात, आणि गरज त्यांनाच जास्त.

नंदुरबार-गडचिरोलीत रक्त कमी असण्यामागे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि मलेरिया आहे का, हेही पाहावं लागतं. लोहानं सिकलसेल बरा होत नाही. नियमित गोळ्या घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमनंही वाढलं नाही, तर आणखी गोळ्या देत न बसता त्या बाईला वरच्या रुग्णालयात पाठवा.