शाळेत लोहाची गोळी कशी द्यावी

प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या आल्या की मुदतीची तारीख बघा आणि वर्गवार यादी करा. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी. गुलाबीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं, निळीत ६०, तेव्हा अदलाबदल नको. वार सोमवार.

खरी परीक्षा गोळी पोटात जाताना. ‘परिपाठाला पोरं रांगेत असतात, तेव्हाच वाटून टाका’ असं तुम्हालाही कुणीतरी सांगेल. अजिबात ऐकू नका. पहिल्या वर्षी मी ऐकलं. आमची बरीच मुलं सकाळी नुसत्या चहावर शाळेत येतात. तासाभरात सहावीतल्या तिघींना मळमळलं, एक वर्गातच ओकली, आणि तिला बघून आणखी चौघींच्या पोटात ढवळायला लागलं. दुपारी फाटकाशी आया जमल्या. पुढच्या सोमवारी अर्धा वर्ग रिकामा. पालकांचा विश्वास परत मिळेपर्यंत दिवाळी उजाडली.

तेव्हापासून पोषण आहाराची खिचडी पोटात गेल्यावर, तासाभरानेच गोळी. जो जेवला नाही, त्याला नाही. ताप असेल त्यालाही नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका.

गोळी माझ्यासमोर, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर तोंड उघडून दाखवायचं. हा हट्ट उगाच नाही. एकदा मुतारीमागच्या गवतात मला भिजून रंग सुटलेल्या निळ्या गोळ्या सापडल्या, मोजून अकरा. ही गोळी गिळायची असते. जंताची अल्बेंडाझोल चावून खायची, म्हणून मुलं हिलाही चावतात, तोंड कडवट होतं आणि मग थुंकतात. दरवेळी सांगा. घरी न्यायला एकही गोळी देऊ नका. दप्तरातली गोळी धाकट्या भावंडाच्या हाती लागली, तर जिवावर बेतू शकतं.

शी काळी होते, हे पालकसभेत आधीच सांगा. नंतर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. मी आयांसमोर स्वतः एक गोळी घेते, त्याने निम्म्या शंका तिथेच मिटतात.

खिचडीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. गोळीनंतर तासभर तरी चहा नको.

नोंदवही त्याच दिवशी भरा. सोमवारी गैरहजर असलेल्यांना मंगळवारी द्या, तीही जेवण झाल्यावरच.