इ.स.पू. साल बदलताना हा 1 विसरू नका

सीझरचा खून इ.स.पू. 44 च्या मार्चमधला. रोम शहर वसल्यापासून (परंपरेने इ.स.पू. 753) मोजलं तर ते साल 710, कारण 754 वजा 44. इ.स. मधलं साल असेल तर सरळ 753 मिळवायचे, पण इ.स.पू. ला 754 मधून वजा करायचं, मधे शून्य साल नाहीच ना, तिथेच सगळे गंडतात (मी पण!). ग्रीकांचं अजून वेगळं, त्यांचं ऑलिम्पियाड (एका ऑलिम्पिक खेळांपासून पुढच्या खेळांपर्यंतचा काळ) चार वर्षांचं आणि वर्ष उन्हाळ्यात बदलायचं, म्हणून मार्चमधला खून 183 व्या ऑलिम्पियाडच्या चौथ्या वर्षात आणि त्याच सालचा ऑक्टोबर 184 व्याच्या पहिल्यात. म्हणून आधी महिना बघा मग आकडेमोड, आपल्या शकातही गुढीपाडव्याआधी 78 नाही, 79 वजा करतो तसंच. बाकी रोमन लोक स्वतः आकडा क्वचितच वापरायचे, ते म्हणणार 'सीझर आणि अँटनी कॉन्सुल (दरवर्षी नेमले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी) होते ते वर्ष'.