पलंगाशेजारची सोनोग्राफी: या चुका टाळा

रात्री दोनला कॅज्युअल्टीत धाप लागलेला पेशंट येतो. त्याला एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायची सोय नाही, पण मशीन हाताशी आहे. अशा वेळी लगेच प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) टेकवणं ही रेसिडेंटची सवय झाली आहे, आणि ती चांगली सवय आहे. पण ज्युनिअरना शिकवताना मला पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की प्रोब आधी टेकतो आणि प्रश्न मागाहून येतो. रेडिऑलॉजिस्ट अख्खं पोट तपासतो. आपली पोकस, म्हणजे पॉइंट ऑफ केअर अल्ट्रासाऊंड, एकेका प्रश्नाचं हो की नाही एवढंच उत्तर देते. पोटात रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी आहे का? प्रश्न ठरलेला नसेल, तर पडद्यावर जे दिसेल तेच निदान वाटू लागतं.

स्लायडिंग नाही, म्हणून न्यूमोथोरॅक्स?

लालबागचे एक आजोबा चाळीच्या जिन्यावरून पडून आले होते. डाव्या बरगड्या दुखत होत्या, थोडी धाप होती. ज्युनिअरने प्रोब ठेवला, तर प्लुराची, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाची, चकाकती रेघ श्वासाबरोबर सरकतच नव्हती. हे सरकणं म्हणजे स्लायडिंग. ते दिसलं नाही, की न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे फुप्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये हवा शिरल्याची, शंका येते. एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारं चित्र) लावला, तर वाळूसारखा दाणेदार भाग गायब, वरपासून खालपर्यंत नुसता बारकोड. सिस्टर छातीत नळी टाकायचा ट्रे उघडायला वळल्या. ऑक्सिजन ९४ होता, बीपी ठीक होतं, म्हणून मी म्हटलं, मिनिटभर थांबा.

"बाबा, पूर्वी छातीचा काही आजार झाला होता का?"

"गिरणीत होतो तेव्हा टीबी झालेला, डॉक्टर. पुष्कळ सुया घेतल्या."

जुन्या टीबीत फुप्फुसाचं आवरण छातीच्या भिंतीला चिकटून बसतं, मग ते सरकणार कसं? त्याच जागी प्रोब स्थिर धरून बघितलं, तर बारकोडमध्ये नाडीच्या ठोक्यागणिक एक उभा ओरखडा उमटत होता. हा लंग पल्स. हृदयाचा धक्का प्लुरापर्यंत पोहोचतोय, म्हणजे त्या जागी मध्ये हवा नाही. दोन बरगड्या खाली एक बी-लाइनही, म्हणजे प्लुरापासून सरळ खाली जाणारी चकाकती रेघ, सापडली. बी-लाइन फुप्फुसाच्या स्वतःच्या आवरणापासून निघते, त्यामुळे ती जिथे दिसते तिथे न्यूमोथोरॅक्स नसतो. नळी टाकली असती तर चिकटलेल्या फुप्फुसातच घुसली असती.

या शहरात टीबी होऊन गेलेली माणसं इतकी आहेत, की हा प्रश्न विचारल्याशिवाय 'स्लायडिंग नाही' या वाक्याला काही अर्थ नाही. मोठा बुला (फुप्फुसातला हवेचा फुगा) असेल, प्लुरोडेसिस (आवरण मुद्दाम चिकटवणं) झालेलं असेल, किंवा श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये (श्वासनळीच्या फांदीत) गेल्याने डावं फुप्फुस फुगत नसेल, तरीही स्लायडिंग जातं. पक्की खूण एकच, लंग पॉइंट: सरकणारी आणि न सरकणारी प्लुरा एकाच चित्रात भेटते ती जागा. मात्र पेशंट कोसळत असेल, बीपी घसरत असेल आणि सगळी लक्षणं टेन्शन न्यूमोथोरॅक्सकडे (साठलेल्या हवेचा दाब हृदयावर येतो, त्या प्रकाराकडे) बोट दाखवत असतील, तर लंग पॉइंट शोधत बसू नका.

पावसाळ्यातल्या बी-लाइन

दोन्ही बाजूंना, बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन दिसल्या की हार्ट फेल्युअर समजून हात लॅसिक्सकडे, म्हणजे लघवीच्या औषधाकडे, जातो. सुरुवातीच्या वर्षांत मीही असं एकदा केलं. तरुण मुलगा, चार दिवसांचा ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात म्हणत होता. त्या आठवड्यात तो गुडघाभर पाण्यातून कामावर गेला होता. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा संसर्ग) होता, बी-लाइन फुप्फुसातल्या रक्तस्रावाच्या होत्या, आणि मूत्रपिंडं आधीच झगडत असलेल्या, आतून कोरड्या पडलेल्या मुलाला मी लघवीचं औषध दिलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरची लेप्टोची साथ ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला लागत नाही. नव्यांना सांगावं लागतं.

बी-लाइन एवढंच सांगते की फुप्फुस ओलं आहे. कशाने, ते सांगत नाही. प्लुरा गुळगुळीत, बी-लाइन सगळीकडे सारख्या पसरलेल्या, आणि त्याच प्रोबने हृदय बघितलं तर डावं वेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) मंद आकुंचन पावतंय, तर हार्ट फेल्युअरचा विचार. प्लुरा खडबडीत, मधले काही भाग मोकळे, प्लुराखाली लहान कन्सॉलिडेशन (फुप्फुसाचा घट्ट झालेला भाग), तर न्यूमोनिया, एआरडीएस (फुप्फुसांची तीव्र सूज) किंवा असा रक्तस्राव. छाती बघितली की हृदय बघायचंच, अर्धा मिनिट लागतं.

डेंग्यूतही अशीच गल्लत होते. ताप, पोटदुखी, पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड, की लगेच सर्जनला कॉल जातो. डेंग्यूत प्लाझ्मा गळतो, त्याने भिंत सुजते. सोबत उजव्या प्लुरात किंवा पोटात थोडं पाणी दिसलं, तर प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आधी बघा. शिवाय पेशंट नुकताच जेवलेला असेल, तर आकसलेल्या पित्ताशयाची भिंत अशीही जाडच दिसते.

आयव्हीसीवर सगळा भार नको

'आयव्हीसी कोलॅप्स होतेय, सलाइन चढवा' हे राउंडवर रोज ऐकू येतं. आयव्हीसी म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर. आयव्हीसी २.१ सेंटिमीटरपेक्षा बारीक आणि श्वासाबरोबर निम्म्याहून जास्त आकसणारी असेल, तर उजव्या एट्रियमचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) दाब कमी आहे. बस, एवढंच. सलाइनने बीपी वाढेलच असं ती सांगत नाही. व्हेंटिलेटरवर तर हिशोब उलटा होतो, तिथे आत येणाऱ्या श्वासाबरोबर ती फुगते. आणि जी नळी मोजताय ती आयव्हीसीच आहे ना? यकृतातून जाऊन उजव्या एट्रियमला मिळताना दिसली पाहिजे. शेजारची अओर्टा (मोठी धमनी) मोजून 'भरपूर पाणी आहे' म्हणणारे मी पाहिले आहेत.

एकदा निगेटिव्ह म्हणजे कायमचं निगेटिव्ह नाही

लोकलमधून पडलेल्या पेशंटची फास्ट तपासणी (जखमीच्या पोटात आणि हृदयाभोवती रक्त शोधणारी सोनोग्राफी) पहिल्या दहा मिनिटांत स्वच्छ येऊ शकते, कारण रक्त अजून साठलेलंच नसतं. पोटाच्या मागच्या बाजूला होणारा रक्तस्राव तर तीत दिसतच नाही. पल्स वाढतेय, चेहरा पांढरा पडतोय, तर पुन्हा करा. मॉरिसन्स पाउचमध्ये (यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधल्या फटीत) यकृताच्या खालच्या टोकापर्यंत जा. पहिलं पाणी अनेकदा तिथेच असतं आणि घाईत तोच भाग सुटतो. लघवीची नळी टाकायच्या आधी पेल्विस (ओटीपोट) बघून घ्या, भरलेलं ब्लॅडर ही आपली खिडकी आहे.

सीपीआर चालू असेल, तर प्रोब आधीच जागेवर हवा. दहा सेकंदांची क्लिप रेकॉर्ड करा, छातीवरचे दाब पुन्हा सुरू करा आणि मग क्लिप बघा. पडद्याकडे टक लावून सगळे थबकले, की तेवढा वेळ मेंदूला रक्त मिळत नाही.

चित्रच नीट येत नसेल, तर निदानावर जाऊ नका, आधी हे तपासा: जेल पुरेसं आहे का, मार्कर (पडद्यावरची दिशा दाखवणारी खूण) कुठल्या बाजूला आहे (कार्डियाक प्रीसेटमध्ये तो पडद्याच्या उजवीकडे जातो आणि सगळं उलटं वाटतं), डेप्थ किती. आधीच्याने १८ सेंटिमीटरवर सोडलेल्या डेप्थवर प्लुरा शोधणं व्यर्थ. गेन वाढवून चित्र उजळ करण्याचा मोह होतो, पण त्याने काळं पाणीही करडं दिसायला लागतं. त्यापेक्षा मामांना (वॉर्डबॉयना) सांगून वरचा दिवा बंद करून घ्या.

शेवटची गोष्ट कायद्याची. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. खिशात मावणारा, मोबाईलला जोडायचा प्रोबही त्यात येतो. नोंदणी नसलेलं मशीन मित्राकडून उसनं आणणं, नोंदलेलं मशीन परस्पर दुसऱ्या दवाखान्यात किंवा पेशंटच्या घरी नेणं, यातलं काहीही करू नका, पेशंट पुरुष असला तरी. पेशंट गरोदर असेल, तर फॉर्म एफ (गरोदर पेशंटच्या सोनोग्राफीची या कायद्यातली नोंद) भरलाच पाहिजे, रात्रीचे तीन वाजले असले तरी.