डीपी रंगवायच्या आधी आपली जागा बघून ठेवा

कोल्हापुरात नव्या डीपीचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय होणार ते ठरवणाऱ्या विकास आराखड्याचा विषय निघाला की दोनच वाक्यं कानावर पडतात, एक म्हणजे "आमच्यावर आरक्षण टाकलं" आणि दुसरं "आता काय उपयोग, सगळं आधीच ठरलंय". दुसरं वाक्य अर्धं खरं आहे, फक्त ते आधी म्हणजे नेमकं कधी ठरतं हे कुणी बघत नाही. मी प्लॅन काढून द्यायच्या धंद्यात आहे, रोज हेच ऐकतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात आपण कुणाच्या हद्दीत येतो इथून. हसू नका, यातच लोकांचे महिने जातात. शहरात असाल तर महापालिकेचा नगररचना विभाग, आणि उचगाव, पाचगाव, मोरेवाडी असल्या गावांत असाल तर २०१७ ला झालेलं ४२ गावांचं प्राधिकरण. हद्दवाढ होईल तेव्हा होईल, आज अर्ज कुठं टाकायचा ते आज ठरवा. मग झोन दाखला (आपली जागा कुठल्या वापरासाठी दाखवलीय त्याचा कागद) आणि आपल्या भागाचा डीपी नकाशा, म्हणजे भाग नकाशा काढा. त्यात पिवळं म्हणजे रहिवास, हिरवं म्हणजे शेती, आणि डीपी रोड किती मीटरचा दाखवलाय ते पट्टी लावून बघा. हा रस्ता लई महत्त्वाचा, कारण दाटवस्ती सोडून बाकी भागात बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) १.१० आहे आणि पुढचा रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर प्रीमियम (सरकारला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) मिळतच नाही, मग जादा मजल्यांचं स्वप्न तिथंच संपतं.

आता ते आधी कधी. डीपी ज्याच्याखाली होतो तो एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्यात कलम २३ खाली नवा आराखडा करायचा इरादा जाहीर होतो, मग कलम २५ खाली आत्ता जागेवर काय आहे त्याचा सर्व्हे होतो, त्याला ऑफिसात ईएलयू, म्हणजे सध्याचा जमीन वापर म्हणतात. रंग त्यानंतर भरतात. सगळा घोळ या सर्व्हेत होतो आणि तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं. तुमचं घर त्यात "मोकळी जागा" म्हणून गेलं की पुढं बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडायला कितीसा वेळ लागतो? आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं अगदी हेच झालं, पत्र्याचं घर, वर वेल चढलेला, सॅटेलाइट फोटोत हिरवं दिसलं आणि नकाशात झाड म्हणून गेलं. त्यामुळं इरादा जाहीर झाल्याची नोटीस पेपरात आली की त्याच आठवड्यात घरफाळ्याची पावती, लाइट बिल, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि समोरून काढलेला फोटो जोडून साधं पत्र द्या की या जागेवर घर आहे, नोंद घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली ३० दिवस मिळतात हरकतीला. तालमीत बसून शंभर जणांच्या सह्यांचं एकच निवेदन करायची आपल्याकडं जुनी सवय आहे, मोर्चाला ते ठीक, पण सुनावणीत एकेक जागा घेतात. मी एका सुनावणीला एक गृहस्थ बघितले, अर्धा तास अन्यायावर बोलले, मग समितीनं नकाशा पुढं सरकवला आणि विचारलं, तुमची जागा दाखवा. त्यांना ती सापडेना. हरकत अशी लिहा:

"आरक्षण क्र. अमुक याबाबत हरकत. जागा ई वॉर्ड, रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) अमुक, क्षेत्र इतकं. या जागेवर मंजूर प्लॅनप्रमाणे घर आहे, परवाना आणि भोगवटा दाखला सोबत जोडला आहे. आरक्षण वगळून रहिवास झोन दाखवावा. पर्याय म्हणून शेजारची महापालिकेच्या मालकीची मोकळी जागा, तिचा नंबर अमुक."

बस्स, एक पान. शेवटची पर्यायाची ओळ सगळ्यात कामाची, कारण बाग तर कुठंतरी करायचीच आहे ना. आणि सरकारनं आराखडा मंजूर करताना मोठे बदल केले तर तेवढा भाग ईपी, म्हणजे वगळलेला भाग म्हणून बाजूला काढून त्यावर परत हरकती मागवतात, तेव्हा मंजूर झाला म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका.

डीपी मंजूर असताना मधेच एखादा छोटा बदल हवा असेल तर कलम ३७ आहे, पण त्याला महासभेचा ठराव, महिन्याची नोटीस, मग सरकारची मंजुरी, म्हणजे चपला झिजवायची तयारी ठेवा. जुनं आरक्षण असेल तर कलम १२७ बघा, १० वर्षांत जागा घेतली नाही तर खरेदी नोटीस द्यायची, त्यानंतर २४ महिन्यांत ताब्यात घ्यायला पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं.

पुराचं वेगळं बोलायला पाहिजे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी आहे ४३. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला. नदी ते निळ्या रेषेपर्यंत नवीन बांधकामाचा नाद सोडा. निळ्या-लालच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथं प्लॉट बघत असाल तर एजंटच्या आधी शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, २०२१ ला पाणी कुठल्या पायरीला होतं, ते हाताने दाखवतील.

मग परवाना. डिसेंबर २०२० पासून युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, त्यामुळं शहर असो की प्राधिकरण नियम एकच, आणि अर्ज ऑनलाइन बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या पोर्टलवर तुमच्या लायसन्स इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फत. १५० चौ.मी. म्हणजे दीड गुंठ्यापर्यंतच्या प्लॉटला प्लॅन आणि फी भरून पावती घेतली की काम सुरू करता येतं, ३०० पर्यंत १० दिवसांत परवाना, अर्थात कागद स्वच्छ असले तर. मोठ्या प्लॉटला ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर मानीव परवानगी कायद्यात आहे, पण प्लॅन नियमात बसत नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, पुढं तुमच्याच अंगाशी येतं. जोते तपासणी झाल्याशिवाय भिंती उचलू नका, आणि राहायला गेलो म्हणून भोगवटा, म्हणजे घर वापरायच्या परवानगीचा दाखला काढायचा राहू देऊ नका, विकायच्या वेळी बँक पहिला कागद तोच मागते.

यातलं काहीच करायचं नसेल तरी मोजणीचा अर्ज तेवढा आत्ता टाकून ठेवा. वरचे सगळे अर्ज हद्दीवर येऊन अडतात, आणि एकदा पाऊस लागला की मोजणीवाला चिखलात उतरत नाही.