४०० अँपिअरच्या फीडरवरून टॅप काढताना
टॅप म्हणजे फीडरला (पॅनेलपर्यंत वीज नेणाऱ्या मुख्य तारेला) मध्येच जोडलेली फांदी. टॅपची तार बारीक, आणि मागचा ४०० अँपिअरचा ब्रेकर तिचा ओव्हरलोड ओळखत नाही. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम २४०.२१(बी) लांबी मोजायला लावतं.

समजा टॅप २० फूट, टोकाला १०० अँपिअरचा ब्रेकर. २५ फुटांपर्यंत तारेची क्षमता फीडर ब्रेकरच्या किमान एक तृतीयांश हवी, म्हणजे १३३.३ अँपिअर. कोडच्या तारक्षमतेच्या तक्त्यात, ७५ अंश सेल्सिअसच्या रकान्यात, १ नंबरची तांब्याची तार १३० वरच थांबते. ‘तीनच तर कमी’ म्हणून ती ओढू नका. तिच्याहून एक माप जाड १/० घ्या, १५० अँपिअर. टोकाला एकच मेन ब्रेकर, तोही १५० च्या वर नको. तारेच्या क्षमतेहून पुढच्या साइझचा ब्रेकर लावायची सवलत टॅपला नाही.

१० फुटांत बसलं तर एक तृतीयांशची अट नाही, १०० अँपिअरची ३ नंबरची तार पुरते, पण पाइपातूनच. टॅपवर पुन्हा टॅप नाही.